आप्पांच्या हजेरीतले गाळलेले नंबर

"आप्पा, शंभर टक्के निकाल लावायला तुम्ही किती पोरं गाळलीत?"

हा प्रश्न माझा नाही, रुबिना शेखचा आहे. परवा मधल्या सुट्टीत नळाजवळ तिने तो मला पाठ करायला लावला. आमच्या वर्गातली चैत्राली साक्षीला होती. वर रुबिना म्हणाली, "तुझ्या स्वप्नात येतात ना ते? मग विचार की. का वाघचौरे नुसतं आडनावच आहे?"

आप्पा म्हणजे माझे आजोबा, ज्ञानदेव सखाराम वाघचौरे. सोनकुंडच्या आमच्या हायस्कूलचे ते बावीस वर्षं मुख्याध्यापक होते, आणि बावीसही वर्षं दहावीचा निकाल शंभर टक्के. गेल्या भाद्रपदात वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. तेव्हापासून ते माझ्या स्वप्नात येतात, खुर्चीत बसतात आणि काही न बोलता निघून जातात. मी हे वर्गात हातवारे करून सांगते. गोष्ट रंगवायची मला सवय आहे, मान्य. या वर्षी मला एकदम कुणाचीच भीती वाटेनाशी झालीय, त्यामुळे जरा जास्तच रंगवते.

पण रुबिना त्या दिवशी हसत नव्हती. पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात सहा मार्क पडले आणि कदम सरांनी, म्हणजे आताच्या मुख्याध्यापकांनी, तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं. सतरा नंबर म्हणजे शाळेतून नाव काढायचं, दाखला घ्यायचा, घरी बसून अभ्यास करायचा आणि दहावीला बाहेरून बसायचं. नापास झालं तरी शाळेच्या निकालाला डाग लागत नाही. आमच्याकडे याला 'सरांची पद्धत' म्हणतात. सर म्हणजे आप्पा.

मी वर्गात पहिली येते. तालुक्यात पहिला नंबर आपल्याच शाळेचा, असं कदम सरांनी माझ्या भरवशावर आत्ताच धरून ठेवलंय. म्हणून रुबिनाने तो प्रश्न मला दिला तेव्हा मला तो जरा बोचला. मी म्हटलं, "विचारते. त्यात काय."

आज आप्पांचं वर्षश्राद्ध. दुपारी घरी पंगत, संध्याकाळी पाचला शाळेत कार्यक्रम. सभागृहाला आप्पांचं नाव देणार आहेत आणि नात म्हणून भाषण मी करणार आहे.

पंगतीत कदम सर बाबांच्या शेजारी बसले होते. बाबा शाळेत हेडक्लार्क आहेत. खिरीची वाटी संपवून सर म्हणाले, "दिनूभाऊ, त्या शेखांच्या पोरीचा दाखला सोमवारी तयार ठेवा. वडलांना बोलावलंय."

"ठेवतो," बाबा म्हणाले.

शैलाआत्या आमटी वाढत होती. ती पातेलं कमरेला टेकवून तिथेच उभी राहिली. "लिही हो दादा, छान लिही. माझा दाखला किती सुरेख अक्षरात लिहिला होतास. अजून जपून ठेवलाय मी. पोरांना वळणदार अक्षर दाखवायला काढते."

कुणीतरी मीठ मागितलं. बाबांनी मान खाली घालून भातात आमटी कालवली, कालवतच राहिले.

आत्याला शिक्षणाची आवड नव्हती, असंच मला लहानपणापासून सांगत आले होते. तिचाही दाखला बाबांनीच लिहिला होता आणि तीही सतरा नंबरवाली होती, हे मला आज, भज्याचा घास तोंडात असताना कळलं.

जेवणानंतर भाषणाचा कागद घेऊन मी आप्पांच्या खाटेवर आडवी झाले. वर्षभरात तिथे कुणी झोपलं नव्हतं. मी म्हटलं, पाठ करता करता डोळा लागला तर लागला.

पंखा फिरतोय. मागच्या दारी आत्या पातेली घासतेय, त्याची खरखर ऐकू येतेय. हळूहळू ती खरखर फळ्यावरच्या खडूची होते. डोळे उघडे आहेत की मिटलेत ते कळत नाही, कारण दोन्हीकडे तोच पंखा दिसतोय. मग पायाशी खाट दबते.

आप्पा बसलेत. पांढरा पायजमा आणि भाद्रपदातसुद्धा बिनबाह्यांचा स्वेटर. हातात माझं भाषण.

"प्रातःस्मरणीय कुणी लिहिलं हे?"

"कदम सरांनी घालायला लावलं."

"काढ ते. सकाळी पोरं माझ्या नावानं बोटं मोडायची."

मला हसू येतं. वर्षभर मुके राहिलेले आप्पा बोलतायत, आणि बोलतायत ते असं. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटतं, पण ते वाचतायत. वाचताना त्यांना हात लावलेला चालत नाही. मेल्यावरही चालत नसणार.

"आजीची वेणी घालायचो, ते कशाला लिहिलंस?"

"का? खरं आहे ना." आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा सहा वर्षं रोज सकाळी आप्पाच तिचे केस विंचरायचे. तीन पेडांची घट्ट वेणी. गावातल्या बायका बघायला यायच्या.

"घरातलं घरात ठेवावं," ते म्हणतात, पण त्या ओळीवर काट मारत नाहीत.

"आप्पा, एक विचारू?"

"उभं राहून विचार."

मी खाटेवर उभी राहते. छत कुठल्या कुठे वर गेलंय, पंखा घारीएवढा दिसतोय. मी रुबिनाचा प्रश्न जसाच्या तसा विचारते, 'गाळलीत' हा शब्दही बदलत नाही.

आप्पा चिडत नाहीत. कागदाची घडी घालतात आणि म्हणतात, "हजेरी राहिलीय. चल."

मी पाय खाली सोडते तर खाली शाळेचा व्हरांडा आहे, पायांना गार लागतो. आप्पा भराभर चालतात. मेल्यावर त्यांचे गुडघे बरे झालेत. दहावी अ च्या वर्गात बाकं नाहीत. भिंतीला लागून पंगत बसलीय, समोर पत्रावळी, आणि फळ्यावर आजची तारीख.

आप्पांच्या हातात हजेरीचा कॅटलॉग नाही. त्यांना तो कधीच लागला नाही. एसटी स्टँडवर पन्नाशीचा माणूस पाया पडायला वाकला की त्याच्याकडे न बघताच ते म्हणायचे, "किसन तुकाराम, ब तुकडी, तिसरा बाक, इतिहासात त्रेसष्ट." माणसं रडायची. मी पाहिलंय.

"अशोक रंगनाथ गोर्डे."

"हजर." खाकी हाफ चड्डीतला टक्कल पडलेला माणूस. गळ्यात डॉक्टरांची नळी.

"मीरा कारभारी शिरसाठ."

"हजर." ही तलाठी झाली. मांडीवर दप्तराची थैली आहे.

"बाळासाहेब म्हातारबा कदम."

"हजर सर." आमचे कदम सर. ओठाला खीर लागलीय, आणि ते पंधरा वर्षांच्या पोरासारखे घाबरलेत.

नावामागून नाव येतं. ज्याचं नाव येतं त्याच्या पत्रावळीवर भात पडतो. वाढणारे हात दिसतात, माणूस दिसत नाही. तेरावा नंबर होतो आणि मग एकदम पंधरावा.

"आप्पा, चौदा राहिला."

ते थांबत नाहीत. चौदा नंबरच्या जागी पत्रावळ आहे, पुढे पाण्याचा पेला भरून ठेवलाय, माणूस नाही. वाढणारे हात तिथून पुढे सरकतात. अठ्ठाविसाव्या जागेवरही तसंच. एकेचाळिसाव्यावरही.

"या पत्रावळी कुणाच्या?"

"बाहेरच्यांच्या."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. दार लाव, माशा येतायत."

मी दार लावायला जाते. दाराबाहेर मैदान असायला हवं, तिथे एसटी स्टँड आहे. बाकड्यांवर मुलंमुली बसलीत. कुणाच्याच अंगावर गणवेश नाही, सगळी घरच्या कपड्यांत. प्रत्येकाच्या हातात हॉल तिकीट, आणि ते सगळ्यांनी छातीशी असं धरलंय की फोटो दिसू नये. एक मुलगी कमरेवर हात टेकून उभी आहे. फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या. ती उभी कशी राहते त्यावरूनच मी तिला ओळखते.

"आत्या?"

"आत्या काय गं. तुझ्याच वयाची आहे मी."

"कुठे चाललीस?"

"तालुक्याला. परक्या शाळेत नंबर आलाय. आज गणिताचा पेपर."

"येतं का गणित?"

ती माझ्याकडे असं बघते की मी विचारायला नको होतं. "आप्पा पहाटे पाचला आपल्या ओसरीवर गावातल्या पोरांना गणित शिकवायचे ना, फुकट. त्यांना चहा मी करायचे. कप ठेवताना आणि कप उचलताना जेवढं कानावर पडलं, तेवढं येतं."

"मग बसायचं ना त्यांच्यात."

"मुख्याध्यापकाची मुलगी पोरांत बसून शंका विचारायला लागली, तर तिला येत नाही हे गावाला कळणार नाही का?" हे ती आप्पांच्या आवाजात म्हणते. अगदी हुबेहूब. मग स्वतःच्या आवाजात म्हणते, "त्यापेक्षा बाहेर काढलेली बरी."

"किती पडले?"

"एकतीस."

"म्हणजे चारच कमी."

"तुझं गणित चांगलं आहे," ती म्हणते.

मला तिथून पळून जावंसं वाटतं. तरी मी विचारते, "आप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणणार. त्याच दिवशी शाळेचा निकाल लागला होता. शंभर टक्के. दारात माणसं होती, ते पेढे वाटत होते. मला म्हणाले, शैला, जरा ताटली धर."

"आणि तू?"

"धरली."

एसटी येते. दार उघडतं, मुलं चढतात. मीही आत्याच्या मागे चढते, पण आत सीट नाहीत. आत शाळेचं ऑफिस आहे. लाकडी टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी कपाट. टेबलाशी बाबा बसलेत. एकोणीस वर्षांचे, मिशी नुकती फुटलेली. जिभेचं टोक बाहेर काढून ते दाखला लिहितायत. मी चित्र काढताना तसंच करते.

"शाळा सोडण्याचं कारण?" बाबा विचारतात. वर बघत नाहीत.

"पालकांच्या विनंतीवरून," आप्पा सांगतात.

मग ते अलीकडच्या खुर्चीत बसतात आणि अर्जावर पालक म्हणून सही करतात. उठतात, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसतात. तोच अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतात, चष्मा सावरून, जणू कुणा अनोळखी माणसाने तो आणून दिलाय. मग मुख्याध्यापक म्हणून सही करतात. दोन्ही सह्या सारख्याच. शिक्का फक्त एकीवर.

"आप्पा, हे तुम्ही केलंत?"

"मी सही केली. लिहिलं त्यानं."

बाबा पेनाचं टोपण लावतात. काढतात. परत लावतात.

"केतकी, बस इथे," आप्पा म्हणतात. आता ते समजावण्याच्या सुरात आहेत. त्या सुरात त्यांनी मला पाढे शिकवले, सायकल शिकवली, आजी गेली तेव्हा ती कुठे गेली तेही सांगितलं. "गुळाच्या गोदामात अकरा पोरांवर ही शाळा सुरू झाली. एक जरी निकाल पडला असता ना, तर लोकांनी पोरी परत शेण थापायला नेल्या असत्या. शाळा मोडली असती. मग तुझी आई शिकली असती का? तू असतीस का पहिली? वर्गात दोघातिघांचं नुकसान होतं, सत्तर तरतात. कुणीतरी हे करायलाच लागतं."

आई खरंच त्या शाळेत शिकली आणि मी खरंच पहिली येते. माझ्या पत्रावळीवर भात पडलेला आहे.

म्हणून मी दुसरंच विचारते. "चौदा नंबरचं नाव काय होतं?"

आप्पा तोंड उघडतात. काही येत नाही.

"अठ्ठावीस?"

ते बाबांकडे बघतात. बाबा टेबलाकडे बघतात. किसन तुकारामचे इतिहासातले त्रेसष्ट मार्क ज्यांना तोंडपाठ, ते माझे आप्पा गृहपाठ न केलेल्या मुलासारखे कानामागे खाजवतात.

"बरं, एकेचाळीस. ती तर घरातलीच होती. तिचं पूर्ण नाव सांगा, हजेरीत घेतात तसं."

"ती..." आप्पा म्हणतात. "तिला... तिला आवड नव्हती."

"नाव, आप्पा."

मग त्यांना राग येतो. उत्तर न येणाऱ्याला येतो तसा. ते उठून उभे राहतात आणि ऑफिसचा पुन्हा वर्ग होतो. पंगतीतली सगळी माणसं माझ्याकडे बघतायत.

"केतकी दिनकर वाघचौरे. नंबर एक. हजर म्हण."

मी चौदा नंबरच्या पत्रावळीकडे बघते.

"हजर म्हण."

"नाही म्हणत."

"हात पुढे कर."

पंधरा वर्षांत त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. मी हात पुढे करते, कारण मला खात्री आहे की ते मारणार नाहीत. ते पट्टी उचलतात आणि मारतात. एकच. दुखत नाही, आधी फक्त आवाज येतो. मग ते माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतात आणि तळव्यावरून अंगठा फिरवत राहतात, पुसून जाईल अशा आशेने. त्यांचा अंगठा गरम आहे. मेलेल्या माणसाचा हात गार असतो असं मी वर्गात सांगितलं होतं, ते खोटं आहे.

"अक्षर बापावर गेलंय तुझं," ते हळूच म्हणतात. "चांगलं आहे. कामाला येईल."

आणि हेच मला पट्टीपेक्षा जास्त लागतं.

जाग आली तेव्हा मागच्या दारची खरखर थांबली होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. भाषणाचा कागद जमिनीवर पडला होता. उजव्या तळव्यावर एक लाल वळ होता, सरळ, बोटभर रुंद, करंगळीखालून अंगठ्यापर्यंत. खाटेच्या पट्टीचा असेल म्हणून मी उठून बघितलं. आप्पांची खाट सुती नवारीची आहे, कडेला गोल लाकूड. सरळ धार कुठेच नाही. मी मूठ मिटली तर ठणकलं.

स्वयंपाकघरात आई, बाबा आणि आत्या चहा घेत होते. बाबांनी कार्यक्रमासाठी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते फुंकर मारून चहा पीत होते आणि आत्याकडे बघायचं टाळत होते. आत्या पदराला हात पुसत होती.

"उठली का बाई राणी," आई म्हणाली. "तोंड धू. भाषण झालं पाठ?"

"झालं," मी म्हटलं. "बाबा, सोमवारी रुबिनाचा दाखला लिहिणार ना तुम्ही?"

"आजच्या दिवशी तो विषय नको, केतू."

"तुम्ही नाही म्हणू शकत नाही का?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "मी कारकून आहे. मी फक्त लिहितो." ते हे इतकं पटकन म्हणाले की त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. पुढचं ते मला नाही, आत्याला म्हणाले, "शैले, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो गं."

"आणि मी पंधरा," आत्या म्हणाली. "चहा पी, गार होतोय."

आईने विषय बदलायला डबा उघडला, पण त्यात काही नव्हतं. तिने तो परत लावला.

वर्गात मी कशालाही घाबरत नाही असं सांगते, ते वर्गात खरं असतं. कदम सरांचा तालुक्यातला पहिला नंबर, सभागृहावरचं आप्पांचं नाव, बाबांची नोकरी, सगळं एकाच वेळी डोक्यात आलं. आणि रुबिना आली. घरात एकटी, समोर गणिताचं पुस्तक, दारावरून गणवेशातल्या आम्ही चाललोय आणि ती खिडकीतून मागे सरकतेय.

"मग लिहा," मी म्हटलं. "पण सोमवारी दोन दाखले लिहा बाबा. एक रुबिनाचा आणि एक माझा. रुबिना बाहेरून बसणार असेल तर मीही बाहेरून बसणार. शाळेचा शंभर टक्के लागू दे, त्यात मी नसेन. आई, तू रडू नकोस, मी पहिलीच येईन, फक्त शाळेची येणार नाही. उद्या पहाटे पाचपासून आपल्या ओसरीवर मी रुबिनाला गणित शिकवणार आहे आणि चहा कुणी करायचा नाही, आम्ही दोघी नंतर मिळून करू. कारणाच्या रकान्यात 'विद्यार्थिनीच्या विनंतीवरून' लिहा, पालकांच्या नाही. आणि हे सगळं मी आज पाच वाजता कदम सरांच्या समोर माईकवरून सांगणार आहे. तुम्हाला तिथे कळायला नको, म्हणून आधी घरी सांगितलं."